ताईंचा नकार

जुळे सोलापूर
६ नोव्हेंबर

प्रभाताई,
शरणु शरणार्थी.

फोन करायचा म्हटलं तर आधी ऑपरेटर येतो, मग तुमचे खासगी सचिव येतात, आणि तुम्ही येईपर्यंत मी काय बोलणार होतो तेच विसरलेलो असतो. मग "बाकी बरं ना?" एवढं विचारून ठेवून देतो. म्हणून हा कागद. कागदाला मध्येच कुणी "होल्ड करा" म्हणत नाही.

दिवाळी बरी गेली. तुम्ही लोकसभेच्या अध्यक्ष झाल्यापासून आमच्या घराची वेटिंग रूम झालीय. सकाळी चहाच्या वेळेला दारात चपलांचा ढीग. कुणाला बदली पाहिजे, कुणाला गाडीचा थांबा. दानेश्वरी म्हणते, "अहो, ताई दिल्लीत अध्यक्ष आन् तुमी हितं उपाध्यक्ष. शपथ कधी घेतली?" मी लोकांना सांगतो, बाबांनो, त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला स्वतःच्या गावासाठी साधा प्रश्नसुद्धा विचारता येत नाही. लोक हसतात. त्यांना वाटतं, मल्लिनाथ टाळतोय.

रोज टीव्हीवर तुम्हाला ऐकतो. बघत नाही, ऐकतो. मंडप आणि लाऊडस्पीकरच्या धंद्यात माणसाचे डोळे जातात आणि कान राहतात. तुमच्या पहिल्या सभेचा कर्णा मी बांधला होता. तेव्हापासून मला माहीत आहे, तुम्ही चिडलात की आवाज चढत नाही, जाड होतो. मी मिक्सरवर तेवढी पट्टी खाली घ्यायचो. दिल्लीवाल्यांना हे कुणीतरी सांगायला हवं. परवा तुम्ही "कृपया खाली बसा" म्हणालात तेव्हा आमच्या खिडकीची काच थरथरली.

आता जावईबापूंचं. हृषीकेश तुमचा कॉलेजातला विद्यार्थी. माझ्या शिवानीसाठी हे स्थळ तुम्हीच आणलंत. त्याचं जेऊरच्या मास्तरांचं घर आणि आमचं घर, दोन्हीकडचे नातेवाईक पाठ फिरवून बसले होते तेव्हा बोलणी तुम्हीच केलीत. मुलगा खासदार झाला. एका पक्षाच्या चिन्हावर निवडून आला आणि दीड वर्षात उठून तुमच्या पक्षाच्या बाकावर जाऊन बसला. ते बरं की वाईट, मी सांगत नाही. पण जुन्या पक्षानं याचिका लावलीय की ह्याची खासदारकी काढून घ्या. आणि ते ठरवायचं तुम्ही.

ताई, काही करा असं मी म्हणत नाही. उलट काही करू नका. कागद पडून राहू द्या. नुसतं बसून राहायचंय की! पाच वर्षं काय, बघता बघता जातात.

तुमचा,
मल्लिनाथ


नवी दिल्ली
१५ नोव्हेंबर

अण्णा, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र वाचताना पहिली दोन पानं मी सोलापुरात होते. तिसऱ्या पानाला दिल्लीत परत आले.

ते तिसरं पान मी याचिकेच्या फाइलला लावलं आहे. त्याच्या प्रती दोन्ही बाजूंच्या वकिलांना गेल्या. रागावू नका. एका बाजूच्या माणसानं मला परस्पर काही सांगितलं, तर ते दुसऱ्या बाजूला कळलंच पाहिजे. नाहीतर मी ऐकून घेते त्याला काही अर्थ उरत नाही.

न्यायाधीशासमोर ओळखीचं माणूस आलं तर त्याला खटला दुसऱ्याकडे देता येतो. मला येत नाही. कायद्यानं हे काम अध्यक्षाकडेच ठेवलंय. शिवानीच्या लग्नात मी अक्षता टाकल्या हे मी पहिल्या सुनावणीलाच सगळ्यांसमोर सांगितलं. दोन्ही वकिलांनी नोंद घेतली आणि म्हणाले, पुढे चालू करा. दुसरं कुणी नाहीच तर ते तरी काय करणार?

इथे मी पक्षाच्या बैठकीला जात नाही. कुणाच्या टेबलावर चहा घेत नाही, कारण कपाबरोबर बातमी येते. ज्यांनी मला ह्या खुर्चीपर्यंत हात धरून आणून बसवलं, ते आता लांबून बघतात, मी कुणाकडे बघते ते.

पत्रं लिहा. वहिनींच्या गुडघ्याचं लिहा, धंद्याचं लिहा. ह्या विषयावर एक अक्षर नको. निकाल लागेपर्यंत दिल्लीला येऊ नका आणि काही पाठवू नका.

तुमची,
प्रभा


जुळे सोलापूर
९ जानेवारी

प्रभाताई,
शरणु शरणार्थी.

तुमच्या फाइलमधलं माझं पान हिंडत हिंडत जावयाच्याच हातात आलं. वकिलानं त्याला फोन केला, त्यानं मला. "बाबा, हे काय लिहून बसलात? 'नुसतं बसून राहायचंय की' हे दोन्ही पक्षांनी वाचलं!" मी म्हटलं, अक्षर तरी बरं आलंय ना?

असो. त्या विषयावर तोंड बंद.

तुमच्या वहिनींचा गुडघा जिना चढताना आवाज करतो. डॉक्टर म्हणतात झीज, मी म्हणतो लूज कनेक्शन. गड्डा यात्रेचे मंडप लागलेत, आमची माणसं खांबावर चढलेली आहेत. दर वर्षी गड्ड्याला तुमच्याकडे शेंगाचटणी आणि कडक भाकरी जाते, तशी ह्याही वर्षी पाठवलीय. काही पाठवू नका म्हणालात, पण गड्ड्याची चटणी म्हणजे 'काही' नव्हे. दानेश्वरीनं उखळात कुटलीय, गुडघ्यासकट.

मल्लिनाथ


अध्यक्ष यांचे कार्यालय
नवी दिल्ली
१९ जानेवारी

प्रति, श्री. मल्लिनाथ यांस,

आपण मा. अध्यक्षांच्या नावे पाठविलेले पार्सल प्राप्त झाले. त्यांच्यासमोर सुनावणीस असलेल्या प्रकरणातील एका पक्षकाराशी आपले नाते असल्याने सदर पार्सल स्वीकारता येत नाही. ते न उघडता सोबत परत करण्यात येत आहे. कृपया पोच द्यावी.

आपला,
खासगी सचिव


जुळे सोलापूर
२७ जानेवारी

ताई,

चटणी परत आली. दानेश्वरीनं पार्सल न उघडताच फळीवर ठेवलं. संध्याकाळी म्हणाली, "आपल्या हातचं परत आलं म्हंजे आपुन परके झालो." मी मात्र मनातल्या मनात हसलो, आणि का हसलो ते तुम्हाला सांगतो.

मी नवा नवा धंद्यात पडलो होतो तेव्हाची गोष्ट. एका सरकारी समारंभाच्या मंडपाचं काम निघणार होतं. आम्ही सगळे कंत्राटदार साहेबांच्या दारात. प्रत्येकानं साहेबांना चहाला बोलावलं. साहेब चौघांबरोबर हसत हसत गेले. मी कप पुढे केला तेव्हा चारचौघांत कडाडले, "माझ्यासमोर असले प्रकार चालणार नाहीत!" मी घरी जाऊन रडलो. काम कुणाला मिळालं असेल? मला. ज्याला द्यायचं त्याचा चहा चारचौघांत घ्यायचा नाही, हे तेव्हा शिकलो. त्यावर घर घेतलं, मुलगी शिकवली.

आता आमच्या गोडाऊनमधल्या बिरप्पाबद्दल थोडं लिहितो. तुम्हीच म्हणालात, धंद्याचं लिहा. बिरप्पा शिकलेला माणूस. कॉलेजात एका बाईंचा लाडका होता, त्या बाईंनीच त्याचं लग्न लावून दिलं. मध्यंतरी तो एका मंडपवाल्याकडून उठून दुसऱ्याकडे आला. जुना मालक म्हणतो, माझ्या नावावर लागलेली नोकरी, सोड. तर हा बिरप्पा परवा रविवारी बायकोला घेऊन माझ्याकडे जेवायला आला. जेवणानंतर खिशातून एक कागद काढला. दोन ओळींचा राजीनामा. म्हणाला, "मी आपणच सोडतो. लोकांकडे पुन्हा जातो. त्यांना सांगतो की मी बाजू बदलली, आता तुम्ही ठरवा. काढून टाकलेला माणूस म्हणून जाण्यापेक्षा सोडून आलेला म्हणून जातो."

पोरगा भावनेच्या भरात होता. मी म्हटलं, थांब जरा. कागद खिशात ठेव. मी विचारून सांगतो.

म्हणून विचारतो, ताई. बिरप्पानं काय करावं?

मल्लिनाथ


नवी दिल्ली
५ फेब्रुवारी

श्री. मल्लिनाथ,

बिरप्पाला मी ओळखत नाही. त्यानं काय करावं यावर मला मत नाही आणि असू शकत नाही.

एवढंच लिहिते. मी कुणालाही, कसलाही शब्द दिलेला नाही. माझ्या नावानं कुणी शब्द देत असेल, तर त्यावर कुणी विसंबू नये.

यापुढे पत्र नको.

प्रभा


जुळे सोलापूर
१२ फेब्रुवारी

ताई,

कळलं. अगदी शब्द न् शब्द कळलं. 'अण्णा' सोडून 'श्री. मल्लिनाथ' लिहिलंत, तिथेच मी चष्मा काढून ठेवला. एवढं कडक तुम्ही मला कधी लिहिलं नव्हतं. चारचौघांत कप कसा परत करायचा, हे तुम्ही त्या साहेबांपेक्षा चांगलं करता.

बिरप्पाला बोलावून सांगितलं, निर्धास्त रहा, वरून शब्द आलाय. तो म्हणाला, "बाईंनी खरंच सांगितलं?" मी म्हटलं, माझे कान कधी चुकलेत का? त्यानं कागद माझ्यासमोर फाडला. तुकडे मी स्वतः कचऱ्यात टाकले.

आता शेवटचं पत्र समजा. तुम्ही सांगितलंत म्हणून.

मल्लिनाथ


जुळे सोलापूर
२६ मार्च

माननीय अध्यक्ष,

तुमचं कार्यालय मला 'श्री.' लिहितं, म्हणून मीही रीतीनं लिहितो.

शुक्रवारी आम्ही सगळे इथेच, ह्याच फ्लॅटमध्ये टीव्हीसमोर होतो. हृषीकेश आला होता, शिवानी होती, खाली पार्किंगमध्ये त्याचे कार्यकर्ते. मीच बोलावलं होतं, पेढे आणून ठेवले होते. बातमी खालच्या पट्टीवर आली. खासदारकी रद्द. आजपासून जागा रिकामी. निवेदिका त्याचं नाव चुकीचं उच्चारत होती आणि कुणी तिच्याकडे लक्षही देत नव्हतं.

हृषीकेश उठला. पार्किंगमध्ये गेला आणि कार्यकर्त्यांना म्हणाला, "घरी जा, जेवून घ्या." बस्स. परत वर आला नाही, गाडीत बसून जेऊरला गेला. शिवानी त्याच्या मागून धावली, तिच्या पायात चप्पल नव्हती.

दुसऱ्या दिवशी जुन्या पक्षाच्या पोरांनी आसरा चौकात फटाके लावले. घोषणा काय दिली माहीत आहे? "पळपुट्याला हाकलला!" तो आपणहून सोडून आला असता तर ही घोषणा त्यांच्या तोंडात आली नसती. हे तुम्हालाही माहीत होतं. तुम्ही ठरवूनच बसला होतात तर निदान मला इशारा द्यायचा. एक शब्द. माझी मुलगी तुम्हाला आत्या म्हणते हो.

मल्लिनाथ


नवी दिल्ली
४ एप्रिल

अण्णा,

निकाल लागला, म्हणून आता लिहिता येतं. आधी लिहिता आलं असतं तर फार पूर्वी लिहिलं असतं.

इशारा मागता. तुमचं बिरप्पाचं पत्र आलं तेव्हा मी वाचतावाचता उठून उभी राहिले. तेव्हा सुनावणी संपत आली होती, कागद माझ्यासमोर होते, आणि निकाल कुठे चाललाय ते मला दिसायला लागलं होतं. त्या मुलाला वाट सापडली होती. त्यानं ती स्वतःच्या डोक्यानं शोधली होती. आणि तुम्ही मला विचारत होता, त्याला जाऊ देऊ का.

'जाऊ द्या' म्हटलं असतं तर न लागलेला निकाल मी एका बाजूच्या घरात पोचवला असता. 'थांबवा' म्हटलं असतं तर खोटं बोलले असते. गप्प बसले असते तर तुम्ही गप्प बसण्याचाही अर्थ लावला असता.

मग मी सचिवांना म्हटलं, हे पत्र फाइलला लावा. प्रती वकिलांना पाठवा. तसं झालं असतं, अण्णा, तर हृषीकेशच्या वकिलानं ते वाचलं असतं आणि त्याला कळलं असतं की मी कसलाही शब्द दिलेला नाही, तुम्ही अजून विचारताच आहात. सचिवांनी पत्र दोनदा वाचलं. म्हणाले, "मॅडम, यात सदस्याचं नाव नाही. मंडपवाल्याच्या गोडाऊनमधला माणूस आहे. कशाखाली नोंद करू?" तुम्ही हुशारीनं नाव टाळलंत, त्या हुशारीनं ते दार बंद झालं. उरलं एकच वाक्य, जे मी कुणालाही, कुठेही लिहू शकत होते. शब्द दिलेला नाही. ते मी लिहिलं. याहून स्पष्ट मला येत नव्हतं.

तुम्ही म्हणालात, नुसतं बसून राहा. माझ्या पक्षालाही तेच हवं होतं. दर आठवड्याला कुणीतरी तब्येत विचारायला येई आणि जाताना म्हणे, "घाई कसली आहे?" त्या खुर्चीत बसून काही न करणं हाही एक निकालच असतो, फक्त त्यावर सही नसते. मला सही करायची होती. केल्यापासून कुणी तब्येत विचारायला येत नाही. पुढच्या निवडणुकीला तिकीट मिळणार नाही असं पेपरात छापून आलंय. मला अजून कुणी सांगितलेलं नाही. मी विचारूही शकत नाही, पक्षाच्या दारात जायची सोय नाही.

हृषीकेश चांगला मुलगा आहे. हे मला कुठेही बोलता येणार नाही. तुम्हाला सांगते.

वहिनींना म्हणावं, ते पार्सल मी स्वतः हातात घेऊन पाहिलं होतं. वास येत होता.

प्रभा


जुळे सोलापूर
३० एप्रिल

ताई,

तुमचं पत्र आलं आणि मी ते कुणाला दाखवलं नाही. अजून वाटत होतं, चूक निम्मी तुमची आहे. निम्मी चूक माणसाला उचलता येते.

काल हृषीकेश आणि शिवानी आले. बरोबर पुण्याचे एक वकील. तुमच्या निकालाविरुद्ध हायकोर्टात जायचं ठरलंय. वकील गोड बोलणारा माणूस. चहा घेतला, बिस्कीट बुडवून खाल्लं, आणि म्हणाला, "मल्लिनाथजी, तुमच्याकडून एक छोटंसं प्रतिज्ञापत्र लागेल. अध्यक्षांनी तुम्हाला खासगीत शब्द दिला आणि नंतर फिरवला. त्या शब्दावर विसंबून साहेबांनी राजीनामा दिला नाही. एवढं आलं की निकाल डळमळला म्हणून समजा. त्या बाईंना खुर्चीत बसणं अवघड होईल."

हृषीकेश माझ्याकडे बघत होता. त्याला तर हे खरंच वाटत होतं ना! त्याला बनवाबनवी करायची नव्हती. त्याच्या डोक्यात इतके दिवस हेच, की बाईंनी शब्द दिला आणि मोडला.

दानेश्वरी स्वयंपाकघराच्या दारातून हळूच म्हणाली, "सुम्म कूडरी." गप्प बसा म्हणे. माझ्या लग्नापासून ती मला हे सांगतेय, आणि नेमकं कालच ते ऐकायला पाहिजे होतं की नाही, मला अजून ठरवता येत नाही.

मी म्हटलं, "शब्द नव्हता."

वकील म्हणाले, "म्हणजे लेखी नव्हता. तोंडी तर होता?"

"तोंडी नव्हता. लेखी होतं ते उलटं. शब्द दिलेला नाही असं त्यांनी लिहून कळवलं होतं."

हृषीकेशनं कप खाली ठेवला. "बाबा, तुम्ही म्हणालात वरून शब्द आलाय."

"म्हणालो."

"कुणाचा शब्द?"

"मला वाटलं तो."

त्याचा आवाज चढला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "मी कागद खिशात घालून आलो होतो. तुम्ही एवढंच म्हणाला असतात ना, की मला असं वाटतंय, तर मी तुमचं ऐकलं नसतं. बाईंचं म्हणून ऐकलं."

वकिलानं फाइल मिटली. त्याला माझा उपयोग संपला होता. हायकोर्टात ते दुसऱ्या मुद्द्यांवर जाणारच आहेत, तुम्हाला नोटीस येईल.

दारात शिवानी थांबली. "बाबा, नको तिथं बोललात, आणि नको तिथं खरं बोललात. आम्ही मधे कुठं उभं राहायचं?" मी म्हटलं, बस जरा, जेवून जा. म्हणाली, "ते गाडीत बसलेत."

आता केस तुमच्यावर आहे, म्हणजे तुमच्याकडून उत्तर यायचं नाही. बरोबरच आहे. पण मी अर्धी चूक तुमच्या नावावर ठेवली होती, ती परत घेतली, एवढं कळवायचं होतं.

मल्लिनाथ


दिल्लीहून परत येताना, गाडीत
७ ऑगस्ट

प्रभाताई,
शरणु शरणार्थी.

गाडी हलते, अक्षर समजून घ्या. केस अजून कोर्टात आहे म्हणून तुमच्या बंगल्याच्या रस्त्यालाही गेलो नाही. हे पत्र कुठल्या फाइलला लावायचं असेल तर लावा.

पोटनिवडणुकीचं तुम्हाला माहीत असेलच, पण माझ्या बाजूनं सांगतो. हृषीकेशच्या सभांना स्पीकर बार्शीच्या एका माणसाचे होते. मला कुणी नको म्हटलं नाही. फक्त बोलावलं नाही. मी जेऊरच्या सभेला आपला मागं जाऊन उभा राहिलो. माईक सारखी शिट्टी मारत होता, हृषीकेश दर दोन वाक्यांनी थांबायचा. कर्ण्याचं तोंड थेट माईकवर आलं होतं, हातभर फिरवला असता तर काम झालं असतं. मी हात मागं बांधून उभा. शेजारचा म्हातारा म्हणाला, "काय कान फुटत्यात हो! सासरा म्हनं लाऊडस्पीकरवाला हाय ह्याचा." मी म्हटलं, व्हय, असं ऐकलंय.

भाषणात तो शिट्टीतूनच बोलला. म्हणाला, "मी बाजू बदलली तेव्हाच तुमच्याकडे यायला पाहिजे होतं. राजीनामा लिहिला होता. दिला नाही. का दिला नाही ते विचारू नका, सही माझी होती आणि हातही माझाच होता." माझं नाव घेतलं नाही. ताई, त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मी ताठ मानेनं घरी आलो असतो.

थोडक्यात निवडून आला. मोठ्या उड्या मारण्यासारखं काही नाही, पण आला. मागच्या आठवड्यात शिवानीनं दानेश्वरीकडे एक पाकीट दिलं. शपथविधीचा गॅलरीचा पास. कुणी पाठवला, का पाठवला, चिठ्ठी नाही. दानेश्वरी गुडघ्यामुळे येणार नव्हती. मी आणि शिवानी एका डब्यात, समोरासमोर. सोलापूरपासून दिल्लीपर्यंत तिनं मला एकदा पाणी दिलं आणि एकदा विचारलं, खिडकी बंद करू का. ते बोलणं मी धरत नाही.

तुमच्या त्या गॅलरीत मोबाईल बाहेर ठेवून घेतला. आत एकानं नियम सांगितले. बोलायचं नाही, टाळी नाही, पुढं वाकायचं नाही. जन्मभर लोकांचा आवाज मोठा करून पोट भरलं आणि अशा जागी येऊन बसलो जिथं खोकायलाही भीती वाटते. वर गॅलरीत मी, खाली तुम्ही. त्या एवढ्या मोठ्या हॉलमध्ये सगळे बोलत होते. आपण दोघं सोडून. तुम्ही बोलत होतात, पण ते बोलणं तुमचं नव्हतं, खुर्चीचं होतं.

हृषीकेशचं नाव पुकारलं. त्यानं मराठीत शपथ घेतली. स्वच्छ, कुठे अडखळला नाही. मग रिवाजाप्रमाणे तुमच्या आसनापाशी आला. तुम्ही हात जोडलेत, त्यानं जोडले. ओठ हलले की नाही, वरून दिसत नव्हतं. तो आसनाच्या मागून पलीकडे गेला, सही केली, जाऊन बसला.

तेव्हा तुमची नजर गॅलरीवरून फिरली. माझ्या रांगेवरूनही गेली. माझे हात आपोआप वर आले. शेजारच्या पहारेकऱ्यानं नुसतं पाहिलं, मी हात मांडीवर ठेवले. मग तुम्ही कागद घेतला आणि पुढचा विषय वाचायला लागलात, आणि वाचताना तुमचा आवाज मध्येच एकदा अडकला. किंचित. बाकी कुणाच्या लक्षात आलं नसेल. तो माईकचा दोष नव्हता, एवढं मला कळतं.

पहिल्यासारखा मी असतो तर त्या एका अडकण्यावर मी सोलापूरपर्यंत चार पानं लिहिली असती.

बाहेर मोबाईल परत घ्यायच्या रांगेत शिवानी माझ्या मागं उभी होती. माझा नंबर आला तेव्हा तिनं माझी बाही धरली. "बाबा, आत्याचा आवाज अडकला का हो मघाशी? तुम्ही ऐकलंत ना?"

मी म्हटलं, "ऐकला. अडकला."

"कशामुळं?"

"ते मला माहीत नाही," मी म्हटलं.

तुमचा,
मल्लिनाथ